दाब जास्त, दम कमी

या सदरात आजवर मिक्सरपासून गीझरपर्यंत घरातली बहुतेक यंत्रे आपण उघडून पाहिली. मोटार मात्र राहिली होती. कारण साधे. ज्या यंत्राने आपली फजिती केली नाही त्याबद्दल लिहायला हात वळत नाही, आणि आमच्या मोटारीने गेल्या भाऊबीजेपर्यंत आमची अब्रू राखली होती. ती तिने बोरघाटात, नेमक्या सणाच्या दिवशी, चार माणसांदेखत घालवली. "दिवाळी अंकात तरी काहीतरी गोड लिहा," असे सौ.ने बजावले आहे. पण भाऊबीज म्हटली की मला आता करंजीच्या आधी टर्बोचार्जर आठवतो, त्याला माझा इलाज नाही.

मोटार डिझेलची, २०१४ सालची. चार वर्षांपूर्वी जुनी म्हणून घेतली आणि नवीसारखी जपली. तळेगावला माझी थोरली बहीण, अक्का, राहते. दर भाऊबीजेला आईला घेऊन तिच्याकडे जायचे, ही आमची रीत. त्या दिवशीही पहाटे दादरहून निघालो. मागे आई, तिच्या शेजारी सौ., पुढे माझ्या डाव्या हाताला चिरंजीव. आईच्या मांडीवर फराळाचा डबा आणि पिशवीत तिचे रक्तदाब मोजण्याचे यंत्र. आई ऐंशीच्या घरातली. तिचा दाब वाढण्याचा आणि उतरण्याचा काही भरवसा नसतो, म्हणून ते यंत्र काशीला निघाली तरी बरोबर घेईल.

खालापूरचा टोलनाका मागे पडला, खोपोलीचा फाटा गेला आणि घाट सुरू झाला. तिसरा गियर, वेग साठाच्या आसपास, इंजिन छान गुणगुणत होते. आणि एकाएकी पायाखालचा जीव गेला. अ‍ॅक्सिलरेटर खाली दाबला तरी काही होईना. आवाज नाही, धक्का नाही, धूर नाही. चालत्या माणसाला मागून कुणी सदरा धरून ओढावे तशी मोटार मंदावली आणि समोरच्या काचेखाली पिवळा दिवा लागला. आरशात पाहिले तर मागे टँकर. त्याचा भोंगा अजून कानात आहे. साठावरून तिसावर यायला आम्हांला जेमतेम काही क्षण लागले असतील. तेवढ्यात त्याने ब्रेक दाबून आपले अवाढव्य धूड उजवीकडे कसे काढले ते त्यालाच ठाऊक. तो शेजारून गेला तेव्हा आमची मोटार हलली. चिरंजीवाने डोळे मिटून घेतले होते. आई म्हणाली, "का रे, हळू का केलीस? तो बघ, पुढे गेला." मी काही बोललो नाही. चारी दिवे लुकलुकते ठेवून डाव्या कडेने, दुसऱ्या गियरात, कासवाच्या चालीने लोणावळ्याचा फाटा गाठला, तेव्हा माझ्या सदऱ्याला पिळले असते तर पेलाभर पाणी निघाले असते.

आता कबुली देतो. असे होण्याची ही पहिली वेळ नव्हती. पावसाळ्यात याच घाटात दोनदा असेच झाले होते. मोटार बंद करून पुन्हा चालू केली की जणू काही घडलेच नाही अशी धावू लागे. मुंबईत एका मोठ्या वर्कशॉपात दाखवली. पहिल्या खेपेस त्यांनी संगणक लावून दिवा विझवला आणि पैसे घेतले. दुसऱ्या खेपेस पुन्हा दिवा विझवला, पुन्हा पैसे घेतले आणि शिवाय एक कागद दिला. नवा टर्बो, मजुरीसह पाऊण लाख. कचेरीतले मोटारपंडितही म्हणाले, "टर्बो गेला. दम नाही म्हणजे टर्बो गेला." मी कागदाची घडी खिशात ठेवली आणि दिवाळीनंतर बघू म्हटले. पाऊण लाखाचा विचार पुढे ढकलायला मध्यमवर्गी माणसाला फार कारणे लागत नाहीत. ती दिरंगाई त्या टँकरखाली संपली असती.

लोणावळ्यात जुन्या हमरस्त्याला, वळवणच्या बाजूला, एक छोटे गॅरेज उघडे दिसले. भाऊबीज असून उघडे कसे, असे विचारल्यावर मिस्त्री म्हणाले, "बहीण संध्याकाळी येणार हाय साहेब. तवर बसून काय करायचं? आणि घाट काय सण बघून गाड्या सोडतो व्हय?" पन्नाशीचा माणूस, मावळातलाच, कपाळावर चष्मा. मी घाईघाईने म्हटले, "टर्बो गेलाय." त्यांनी मान हलवली. "ते मागनं बघू. आधी सांगा, झालं काय काय?"

मग त्यांनी मला जे प्रश्न विचारले ते मी मुद्दाम नीट सांगतो. कोणत्या गियरात होते? चढावरच, की सपाटीलाही? इंजिन गार असताना कधी झाले का? शिटीसारखा आवाज आला का? काळा धूर? आणि शेवटी, "बंद करून चालू केली की नीट होती ना?" मी हो म्हणताच ते हसले. "मंग टर्बो गेलेला नाय. गेलेली वस्तू किल्ली फिरवून परत येत नसती."

त्यांनी स्कॅनर लावला. पडद्यावर पी ०२३४ असा आकडा उमटला. हा आकडा कुण्या एका कंपनीचा नव्हे. जगभरच्या मोटारींत त्याचा अर्थ एकच, टर्बोचा दाब ठरल्यापेक्षा जास्त झाला. दाब कमी पडला असता तर ०२९९ आला असता. म्हणजे आमचे सगळे पंडित उलट्या दिशेला होते. मिस्त्री मोठ्याने म्हणाले, "दाब जास्त हाय." मागच्या सीटवरून आई घाबरून म्हणाली, "माझा? अहो, सकाळची गोळी घेतलीय मी!"

इथे वाचकांना प्रश्न पडेल, मलाही पडला होता. दाब जास्त, तर मग दम कमी का? हे कळायला टर्बो म्हणजे काय ते थोडक्यात सांगायला हवे. इंजिनातून बाहेर पडणारा जळका वायू वाया न घालवता त्याच्या वाटेवर एक चाक बसवायचे. ते चाक फिरले की त्याच आसावरचे दुसरे चाक फिरते आणि बाहेरची हवा कोंबून इंजिनात भरते. हवा जास्त, तर इंधन जास्त जाळता येते, म्हणून लहान इंजिनातून मोठे काम होते. ही युक्ती स्विस इंजिनियर आल्फ्रेड ब्युखी याची. त्याने १९०५ साली तिचे पेटंट घेतले. पुढे विमाने उंच उडू लागली, विरळ हवेत त्यांची इंजिने धापा टाकू लागली, तेव्हा अमेरिकेत सॅनफर्ड मॉस या गृहस्थाने १९१८ साली टर्बो लावलेले विमानाचे इंजिन कोलोराडोतल्या पाइक्स पीक या चौदा हजार फुटांवरच्या शिखरावर नेऊन चालवून दाखवले. म्हणजे हे यंत्र चढावरच्या दमासाठीच प्रथम गाजले म्हणायचे, आणि आमचे चढावरच रुसले.

चाक फिरण्याचा वेग ऐकून चक्कर येईल. लहान मोटारीतला टर्बो मिनिटाला दीड-दोन लाख फेरे घेतो. त्याला आवर घालायची सोय नसेल तर जितका धूर जास्त तितके चाक वेगात, जितके चाक वेगात तितकी हवा जास्त, जितकी हवा जास्त तितके इंधन आणि तितका धूर, असे ते चक्र वाढतच जाईल. शेवटी रबरी नळी फाटेल, नाहीतर गॅस्केट उडेल, नाहीतर चाकाचेच तुकडे होऊन इंजिनात जातील. म्हणून इंजिनाचा संगणक दाबावर डोळा ठेवून असतो. मर्यादा ओलांडली आणि ती काही क्षण टिकली, की तो इंधनाला कात्री लावतो, दिवा पेटवतो आणि मोटारीला लंगडत का होईना घरी जा म्हणतो. मिस्त्री मंडळी याला 'लिंप मोड' म्हणतात. आमचा दम टर्बोने घालवला नव्हता. टर्बोपासून इंजिन वाचवण्यासाठी संगणकाने तो काढून घेतला होता. मुंबईच्या वर्कशॉपाने दोनदा पुसला तो रोग नव्हता, रोगाची वर्दी होती.

आवर घालायच्या रीती दोन. त्यांतली पहिली समजायला लोणावळ्याहून चांगली जागा नाही. घाटात उतरताना डोंगरावरून खाली गेलेले जाडजूड नळ आपण पाहिले असतील. वळवण, लोणावळा, शिरवता या टाटांच्या तलावांतले पाणी पाचशे मीटरांहून जास्त खाली खोपोलीच्या वीजघरात उतरते. १९१५ सालापासून तिथे वीज होते आहे. एवढ्या उंचीवरून आलेल्या पाण्याचा खालचा दाब हवेच्या दाबाच्या पन्नास पटींच्या घरात जातो. तिथल्या चाकांवर पाण्याची धार मारली जाते. आता समजा, विजेची मागणी एकदम घटली, तर चाक भरमसाट वेगात फिरेल. पाणी झटकन बंद करावे, तर मैलभर नळातले पाणी धडक देऊन नळच फोडील. म्हणून अशा चाकांपुढे एक पत्रा असतो. तो धारेत शिरतो आणि पाणी चाकाला न लागू देता बाजूला उडवतो. टर्बोतली पहिली रीत हुबेहूब हीच. चाकाच्या आधी एक झडप. दाब पुरेसा झाला की ती उघडते आणि जादा वायू चाकाला वळसा घालून धुराड्यात जातो. तिला 'वेस्टगेट' म्हणतात. सौ.ने यावर एका वाक्यात निकाल दिला, "म्हणजे कुकरची शिटी." तंतोतंत नव्हे, कारण शिटी तयार वाफ सोडते आणि ही झडप वाफ तयार होण्याआधीच चूल मंद करते, पण भाऊबीजेच्या दिवशी वाद कशाला?

दुसरी रीत आमच्या मोटारीतली. चाकाभोवती छोट्या पात्यांचे कडे असते. इंजिन सावकाश चालत असताना पाती मिटतात, वाट अरुंद होते, थोडाच वायू पण जोरात चाकावर आदळतो. बागेच्या नळीच्या तोंडावर अंगठा धरला की धार लांब जाते ना, तसे. इंजिन जोरात चालू लागले की अंगठा काढावा तशी पाती उघडतात. ही उघडझाप करायला एक दांडी, दांडी ओढायला एक पत्र्याची डबी, आणि डबीतली हवा शोषून घ्यायला व्हॅक्यूमची बारीक नळी. संगणक एका सोलेनॉइड वॉल्व्हमार्फत किती शोषायचे ते ठरवतो.

"आता बघा," मिस्त्री म्हणाले, "दाब जास्त दाखवतो म्हंजे तीन गोष्टी. एक तर दाब सांगणारा खोटं बोलतोय, न्हाईतर दाब सोडा म्हणणाऱ्याचा निरोप पोचत नाय, न्हाईतर निरोप पोचतोय पण ऐकणारा हटून बसलाय." तीनच वाक्ये. आमच्या कॉलेजातल्या प्राध्यापकांना याला तीन तास लागले असते.

खोटे बोलणाऱ्याची परीक्षा त्यांनी आधी घेतली, आणि ती मला फार आवडली. किल्ली फिरवून दिवे लावले, पण इंजिन चालू केले नाही. इंजिन बंद, म्हणजे टर्बो बंद, म्हणजे नळीत आहे ती नुसती लोणावळ्याची हवा. सेन्सरने लोणावळ्याच्या हवेचा दाब सांगितला पाहिजे, काडीमात्र जास्त नाही. समुद्रकाठी हा दाब हजार-एक मिलिबार असतो. लोणावळा सव्वासहाशे मीटर उंच, म्हणून इथे ९४०च्या आसपास. पडद्यावर ९३८ आले. संगणकाच्या स्वतःच्या हवामापकानेही जवळजवळ तेवढेच सांगितले. "हितं हजाराच्या वर दाखवलं असतं तर तिथंच पकडला असता," मिस्त्री म्हणाले. मुंबईला हीच परीक्षा घेतली तर हजाराच्या आसपास येणे बरोबर आणि ९४० येणे चूक, हेही त्यांनी सांगितले. मग सेन्सर काढून पाहिला. तेलकट काजळी होती, ती पुसली, पुन्हा लावला. आकडा हलला नाही.

आई हे सगळे काच खाली करून पाहत होती. म्हणाली, "आमचे डॉक्टरही तसंच करतात. आधी पाच मिनिटं गप्प बसवतात, मग दंडाचा पट्टा बदलून बघतात, आणि मगच गोळी." मिस्त्री म्हणाले, "आज्जी, तुमच्या डाक्टरला म्हनावं गॅरेज काढा."

पण बसल्या जागी खरे बोलणारा धावताना खोटे बोलू शकतो. म्हणून त्यांनी हवेच्या नळीला टी जोडून एक साधे काट्याचे घड्याळ लावले, त्याची रबरी नळी बॉनेटखालून काढून खिडकीतून आत घेतली आणि आम्ही दोघे घाटात निघालो. मी चालवणार, ते बघणार. खाली उतरून वळलो आणि चढाला लागलो. इथे एक गोष्ट सांगून ठेवतो. स्कॅनरवरचा आकडा पाहून नवशिक्या दचकतो. दोन हजार मिलिबार म्हणजे टर्बोने दुप्पट दाब घातला असे नव्हे. त्यातला जवळजवळ एक हजार आपल्या आकाशाचाच असतो. काट्याचे घड्याळ फक्त वरची भर दाखवते. इंजिन अडीच हजार फेऱ्यांवर आले. संगणक मागत होता २०५०. मिळत होते २१००, २२५०, २४००... "सोडा, सोडा पाय!" मिस्त्री ओरडले. घड्याळाचा काटा दीडच्या किंचित खाली होता. दीडच्या खाली अधिक लोणावळ्याचे जवळजवळ एक. बेरीज दोन हजार चारशेच्या घरात. सेन्सर खरे बोलत होता. दाब खरोखरच वाढत होता.

परत आल्यावर निरोपाची पाळी. इथे मिस्त्रींनी मला एक भेद समजावला आणि तो सोन्याचा आहे. वेस्टगेटच्या जुन्या रीतीत डबीला टर्बोचा दाब लागतो आणि दाबानेच झडप उघडते. तिथे नळी फाटली तर झडपेला दाब वाढल्याचे कळतच नाही, ती मिटलेलीच राहते आणि दाब बेफाम होतो. आमच्या रीतीत उलटे. व्हॅक्यूम ओढतो तेव्हा पाती मिटतात. नळी फाटली तर पाती उघडी राहतात आणि दाब कमी पडतो. म्हणजे तीच फाटकी नळी एका मोटारीत दाब चढवते आणि दुसरीत उतरवते. आपल्या मोटारीत कोणती रीत आहे हे न पाहता सुटे भाग बदलणारा म्हणजे नाडी न बघता काढा देणारा वैद्य. आमच्याकडे नळी फाटकी असून चालणार नव्हते. गुन्हेगार असलाच तर व्हॅक्यूम न सोडणारा असायला हवा. सोलेनॉइड वॉल्व्हला बाहेरची हवा आत घ्यायला छोटे छिद्र आणि त्यावर स्पंजाचा तुकडा असतो. तो बुजला तर डबीतला व्हॅक्यूम सुटत नाही. तो काढून पाहिला. स्वच्छ.

राहिला हटून बसलेला. मिस्त्रींनी डबीची नळी काढली, तिला हातपंप जोडला. "ए बारक्या, बॅटरी धर." पंप दाबला तशी दांडी वर सरकली, पण सरळ नव्हे; थोडी आली, अडली, मग टुणकन उडी मारून पुढे गेली. आता व्हॅक्यूम सोडला. दांडीने मुकाट्याने परत यायला हवे. ती अर्ध्यावर थांबली. आम्ही सगळे वाकून पाहत होतो. एक, दोन, तीन... मिस्त्रींनी पान्ह्याने हलकेच टिचकी मारली आणि दांडी खट्कन खाली आली. "सापडला," ते म्हणाले. पाती मिटल्यावर उघडायला तयार नव्हती. चढावर धुराचा लोंढा वाढला, अंगठा नळीवरच राहिला.

"पण का अडकतात?" मी विचारले. त्यांनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि मला नखशिखान्त न्याहाळले. "गाडी कुठं चालवता?" दादर ते फोर्ट, मी म्हटले. "किती जोरात?" मी अभिमानाने सांगितले, की मी इंजिनाला कधीही त्रास देत नाही, दोन हजार फेऱ्यांच्या आत गियर बदलतो, डिझेल वाचवतो, मोटार फुलासारखी वापरतो. "तेच," मिस्त्री म्हणाले. "फुलासारखी वापरली म्हनून काजळी धरली." शहरात थोडे थोडे, थंड्या इंजिनाने, हलक्या पायाने चालवल्यावर पाती आपल्या एका जागेभोवतीच हलतात, काजळी जळत नाही, साठते, आणि पात्यांच्या कड्यात घट्ट बसते. मग वर्षातून एकदा घाट लागतो आणि पात्यांना पहिल्यांदाच पूर्ण हलायला सांगितले जाते. वर लोणावळ्याची हवा सात टक्क्यांनी विरळ. तोच दाब द्यायला टर्बोला इथे मुंबईपेक्षा जास्त वेगाने फिरावे लागते. म्हणजे माझी काटकसर आणि हा घाट, दोघांनी मिळून माझ्या कुटुंबाला त्या टँकरपुढे उभे केले होते. चार वर्षे मी ज्या गुणाबद्दल सौ.ला ऐकवत होतो तोच हा. ती काही बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते.

तोडगे अनेक निघाले. बारक्या म्हणाला, दांडीचा स्क्रू फिरवून दाब कमी करू. मिस्त्रींनी त्याच्या टाळक्यात टपली मारली. तो स्क्रू कारखान्यात मापून बसवलेला असतो, तो फिरवला की पाती उघडत नाहीत ती नाहीतच, उलट खालच्या वेगातला दमही जातो. चिरंजीव म्हणाला, त्याच्या मित्राने एक डबी बसवली आहे, ती संगणकाला दाब कमी सांगते, मग दिवा लागतच नाही. आईच्या दंडाला मापापेक्षा मोठा पट्टा बांधून दाब उतरला म्हणण्यातलाच हा प्रकार. बाजारात अशा डब्या खुशाल विकल्या जातात आणि सुशिक्षित घरांतली मुले त्या घेतात, याचे मला नवल वाटते.

खरा उपाय एकच. टर्बो उतरवायचा, धुराकडचे घर खुणा करून वेगळे करायचे, पाती आणि कडे काजळीतून मोकळी करायची, मधला तोललेला गाभा उघडायचा नाही, आणि नव्या गॅस्केटांनी परत बसवायचे. आसाला झोल असता तर मात्र नवा टर्बो घ्यावा लागला असता. मिस्त्रींनी हवेची नळी काढून माझे बोट आत चाकाच्या टोकाला लावून हलवायला सांगितले. किंचित हालचाल, पण चाक घराला घासत नव्हते, पात्यांच्या कडा शाबूत होत्या. पाऊण लाखाचा कागद मी खिशातून काढला तो मिस्त्रींनी वाचला आणि हात पुसायला घेतला.

काम दोन दिवसांचे. मी अक्काला फोन केला, की आता आम्ही लोकलने येतो. अक्का म्हणाली, "आईला जिने चढवू नकोस. मीच येते." आणि दीड तासात ती आली, पुण्याकडून येणारी लोणावळा लोकल तळेगावला पकडून, पिशवीत निरांजन, सुपारी, कुंकवाची कोयरी घेऊन. गॅरेजात टायरांच्या चळतीवर बारक्याने धुतलेले पोते अंथरले, त्यावर मला बसवले. ओवाळताना तिचा हात थरथरत होता. टँकरची गोष्ट चिरंजीवाने तिला आधीच सांगून टाकली होती. ओवाळून झाल्यावर ती मिस्त्रींकडे वळली. "या, तुम्हीही बसा." ते लाजले, काळे हात दाखवू लागले. "हाताला कोण ओवाळतंय?" अक्का म्हणाली. मिस्त्रींनी डोक्यावर रुमाल घेतला आणि पोत्यावर बसले. त्यांनी ताटात काय टाकावे म्हणून खिसे चाचपले, तेव्हा अक्काने सांगितले, "पाती मोकळी करून द्या, तीच ओवाळणी."

तिसऱ्या दिवशी मी आणि चिरंजीव तळेगावहून लोकलने गेलो. मिस्त्रींनी काढलेली काजळी डब्यात जपून ठेवली होती, मूठभर होती. हातपंपाने दांडी दाखवली. आता ती लोण्यातून फिरावी तशी वर गेली आणि सोडताक्षणी खाली आली. तरी त्यांनी बिल आधी घेतले नाही. "घाटात बघू, मंग द्या." जुन्या घाटातल्या शिंगरोबाच्या देवळाशी गाडी थांबवायला लावून त्यांनी एक नाणे वाहिले. ज्या धनगराने इंग्रजांना घाटाची वाट दाखवली म्हणतात त्याचे हे ठाणे. घाट चढणारे ड्रायव्हर इथे हात जोडतात. मग वळून चढाला लागलो. चिरंजीव मागून स्कॅनरचे आकडे धावसंख्येसारखे वाचत होता. मागणी १८००, मिळाले १८२०. मागणी २०५०, मिळाले २१३०, २०९०, २०८०... काटा वर जाऊन जरासा डुलला आणि बसला. परवाच्या वळणाशी माझा पाय आपोआप उचलला गेला. "दाबा," मिस्त्री म्हणाले. "इथून पुढं आठवड्यातून एकदा तरी असं दाबत जा. मोकळा रस्ता बघून, इंजिन तापल्यावर."

बिल झाले नऊ हजार. त्यांनी वर बजावले, की डिझेलच्या नोझलांची एकदा तपासणी करून घ्या, नाहीतर काजळी पुन्हा धरेल. ती मी पुढच्या महिन्यात करून घेतली, एक नोझल खरोखरच गळत होते.

वाटेत अक्काचा फोन आला. "आईचा आता एकशे तीस आहे," ती म्हणाली. "तुमचा किती आला?"

"दोन हजार ऐंशी, आत्या," चिरंजीव मागून ओरडला.